मित्सुको : टोकियोची लेक, रॉन्सपेर्गची मालकीण

आज मी तुम्हाला एका जपानी बाईची हकीकत सांगणार आहे. तिचं नाव मित्सुको आओयामा. लग्नानंतर ती झाली काउंटेस कूदेनहोव-कालेर्गी. नाव लांबलचक आहे, पण घाबरू नका, आपण तिला मित्सुकोच म्हणू. काउंटेस म्हणजे सरदारीण, जहागीरदाराची बायको. हे सासर होतं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, बोहेमिया नावाच्या प्रांतात. तो भाग आज झेक देशात येतो.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी परीकथेसारखी सांगितली जाते. व्यापाऱ्याची साधी मुलगी, परदेशी सरदार, प्रेम, किल्लेवजा वाडा. मला त्यातला वाडा आणि सरदार यांच्यापेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो, म्हणजे नवरा गेल्यावर तिनं काय केलं तो. पण सुरुवात सुरुवातीपासूनच करायला हवी.

मित्सुकोचा जन्म १८७४ सालचा, टोकियोतला. वडील किहाची आओयामा जुन्या वस्तूंचा आणि तेलाचा व्यापार करायचे. घर खाऊन-पिऊन सुखी होतं, पण सरदार-दरकदारांचं नव्हतं. मुलीला जेवढं शिकवायचं तेवढं शिकवलं, म्हणजे जुजबी लिहिणं-वाचणं, घरकाम आणि मोठ्या माणसांपुढे कसं वागायचं ते. त्या वेळी जपान नुकताच जगासाठी दारं उघडून बसला होता. दोन-अडीचशे वर्षं परक्यांना जवळजवळ बंदी होती, आणि आता टोकियोच्या रस्त्यावर टोपीवाले गोरे साहेब घोड्यावरून फिरत होते.

त्यातलाच एक हाइनरिख कूदेनहोव. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वकिलातीत अधिकारी म्हणून तो १८९२ साली टोकियोला आला. वय बत्तीस. डझनाहून जास्त भाषा येणारा, बौद्ध धर्मापासून इस्लामपर्यंत सगळ्याचा अभ्यास करणारा विद्वान माणूस. सांगतात ते असं, की थंडीत बर्फावरून त्याचा घोडा घसरला, तो आओयामांच्या दुकानाजवळ पडला, आणि मित्सुकोनं धावत येऊन त्याला मदत केली. दुसरी हकीकत आहे ती साधी : ती वकिलातीत कामाला लागली आणि तिथे ओळख झाली. पहिली जास्त गोड आहे, म्हणून सिनेमा-नाटकवाल्यांना तीच आवडते. माझ्या मनाला दुसरी जास्त पटते. सतरा-अठरा वर्षांची मुलगी परक्या साहेबाच्या घरी कामाला जाते, साहेबाचं मन तिच्यावर बसतं, यात तिला किती विचारलं असेल आणि वडिलांशी किती बोलणी झाली असतील, ते आपल्या आपण समजून घ्यायचं.

पण एक गोष्ट हाइनरिखच्या बाजूनं सांगायलाच हवी. त्या काळी जपानात येणारे कितीतरी युरोपियन पुरुष तिथल्या मुलीशी तात्पुरतं लग्न लावायचे. बदली झाली की साहेब बोटीत बसायचा आणि मुलगी मागे राहायची. पिएर लोती या फ्रेंच लेखकानं १८८७ साली अशाच तात्पुरत्या संसारावर कादंबरी लिहिली, आणि १९०४ साली इटलीत पुच्चिनीची 'मादाम बटरफ्लाय' ही संगीतिका रंगमंचावर आली. तिच्यातली जपानी बाई सोडून गेलेल्या नवऱ्याची वाट बघून शेवटी जीव देते. युरोप ते बघून डोळे पुसत होता तेव्हा मित्सुको बोहेमियातल्या वाड्यात सात मुलांची आई होऊन राहत होती. हाइनरिखनं तिला सोडलं नाही. टोकियोत दोन मुलगे झाले, १८९३ साली योहानेस म्हणजे हान्स, आणि १८९४ साली रिशार्ड. मुलांना त्यानं आपलं नाव दिलं. मित्सुकोनं कॅथलिक धर्म स्वीकारला आणि चर्चमध्येही रीतसर लग्न झालं.

आता कायद्याची बाजू बघा, कारण पुढे ती फार महत्त्वाची ठरते. १८७३ साली जपान सरकारनं हुकूम काढला होता. जपानी बाईनं परक्या माणसाशी लग्न केलं तर ती जपानी राहणार नाही. उलट, परक्या बाईनं जपानी पुरुषाशी लग्न केलं तर ती जपानी होणार. म्हणजे बाई ही नवऱ्याच्या देशाची, असा सरळ हिशेब. लग्नाच्या कागदावर सही झाली त्या दिवशी मित्सुकोचं जपानीपण सरकारदरबारी संपलं होतं. तिनं अजून टोकियोच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

१८९६ साली हाइनरिखनं घरी परतायचं ठरवलं. त्याचे वडील वारले होते आणि जहागिरीचा कारभार थोरला म्हणून त्याच्याकडे आला होता. निघण्यापूर्वी मित्सुकोला जपानच्या सम्राज्ञीनं भेटीला बोलावलं. व्यापाऱ्याच्या मुलीला एरवी राजवाड्याचं फाटक दिसलं नसतं, पण आता ती परदेशी मुत्सद्द्याची पत्नी होती. तू कुठेही गेलीस तरी जपानी स्त्रीचा मान राख, अशा अर्थाचं सम्राज्ञी बोलली, आणि मित्सुकोनं ते शब्द आयुष्यभर गाठीला बांधून ठेवले. ज्या देशानं तिचं नाव आपल्या वहीतून काढलं होतं, त्याच देशाची अब्रू सांभाळायची जबाबदारी तिच्या खांद्यावर टाकून तिला निरोप दिला गेला, हे काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

बोटीनं, मुक्काम करत करत मंडळी युरोपात पोचली. सासर म्हणजे रॉन्सपेर्ग. जर्मनीच्या सीमेजवळचं छोटं गाव, झेक भाषेत त्याला पोबेझोवित्से म्हणतात. गावात या घराण्याचा मोठा दुमजली-तिमजली वाडा, भोवती जंगल, शेतं, कुळं. हाइनरिखचे भाऊ-बहिणी, नातेवाईक सगळे जुन्या वळणाचे सरदार. थोरल्याची बायको म्हणून कोण आलं, तर बुटकी, काळ्याभोर केसांची, जर्मन न येणारी जपानी मुलगी. वय एकवीस-बावीस. त्यांनी तिचं स्वागत कसं केलं असेल, ते सासरी गेलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागणार नाही. हाइनरिखनं मात्र घरात स्पष्ट बजावून ठेवलं होतं, की माझ्या पत्नीला सरदारीण म्हणून जो मान आहे तो मिळालाच पाहिजे.

तिथे आणखी पाच मुलं झाली. गेरोल्फ, एलिझाबेथ, ओल्गा, इडा आणि शेवटचा कार्ल. दहा वर्षांत सात बाळंतपणं. आणि या सगळ्यात ती शिकत होती. हाइनरिखनं तिच्यासाठी शिक्षक ठेवले. जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, इतिहास, भूगोल, गणित. मुलांना शिकवायला मास्तर आले तशी आईही शिकायला बसायची, म्हणजे मुलांनी विचारलं तर आई अडाणी ठरायला नको. मुलं युरोपियन म्हणून वाढावीत, असं हाइनरिखनं ठरवलं होतं. घरात भाषा जर्मन आणि इंग्रजी. मुलांना आईची भाषा आली नाही. सात लेकरांच्या आईला स्वतःच्या घरात जपानीतून बोलायला नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं. तिला मायदेशाची इतकी ओढ लागायची, की कितीदा ती परत जायची भाषा करायची. पण बाळ पोटात किंवा अंगावर, जाणार कुठे? ती जपानला पुन्हा कधीच गेली नाही.

हाइनरिख सरदार असला तरी त्याचं डोकं स्वतंत्र होतं. त्या काळी युरोपात ज्यू लोकांचा द्वेष फार पसरला होता. त्यानं त्यावर अभ्यास करून १९०१ साली ग्रंथ लिहिला, हा द्वेष मुळात धर्माच्या आंधळेपणातून आला असं त्यात मांडलं. दरवर्षी गुड फ्रायडेला चर्चमध्ये ज्यूंना 'विश्वासघातकी' म्हणणारी प्रार्थना सुरू झाली की तो उठून बाहेर जायचा. ही त्याच्या मुलानं लिहून ठेवलेली आठवण आहे. मुलांवर याचा परिणाम झाला. मित्सुकोवर किती झाला ते पुढे बघू.

१९०६ सालच्या मे महिन्यात हाइनरिखला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय सेहेचाळीस. मित्सुको एकतीस वर्षांची. थोरला मुलगा बारा वर्षांचा, धाकटा तीन. परका देश, परकी भाषा, आणि ज्याच्या शब्दावर सगळं उभं होतं तो माणूस एका सकाळी नाहीसा.

मग मृत्युपत्र उघडलं. हाइनरिखनं मालमत्तेचा कारभार आणि सातही मुलांचं पालकत्व मित्सुकोच्या नावे केलं होतं. नातेवाईकांना ते पचलं नाही. परदेशी बाई, तिला व्यवहारातलं काय कळतं, ती जहागीर बुडवील, मुलांना काय वळण लावील, असं म्हणत त्यांनी पालकत्व तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. प्रकरण कोर्टात गेलं. मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती घरांत ऐकलंय, 'तिला व्यवहारातलं काय कळतं!' तेराव्याच्या आधीच कागद काढणारे नातलग फक्त आपल्याकडेच असतात असं समजू नका.

मित्सुको कोर्टात उभी राहिली आणि जिंकली. मृत्युपत्र मान्य झालं, मुलं आणि कारभार दोन्ही तिच्याकडे राहिले. त्यासाठी तिनं कायदा समजून घेतला, हिशेबाच्या वह्या उघडल्या, शेतीत आणि जंगलात काय उत्पन्न होतं, कुठे गळती आहे, हे स्वतः बघायला लागली. दिवाणजी सांगतील तिथे सही करणारी मालकीण ती राहिली नाही. मुलंही सांगतात, की वडील गेल्यावर आई बदलली. आधी ती नवऱ्याच्या सावलीत राहणारी, कमी बोलणारी बाई होती. आता ती घरची करारी, हुकूम सोडणारी कर्ती झाली. तिचा धाक असायचा.

मुलांच्या शिक्षणासाठी ती व्हिएन्नाला गेली. मुलगे थेरेसियानुम या नावाजलेल्या शाळेत. सरदारांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या मुलांची ती शाळा. व्हिएन्नाच्या उच्चभ्रू समाजात ही जपानी काउंटेस मेजवान्यांना जायला लागली, आणि तिची चर्चा होऊ लागली. १९०५ साली जपाननं रशियाला हरवलं होतं, त्यामुळे जपान या नावाला एकदम वजन आलं होतं. तिच्या बाबतीतलं सगळ्यांचं कुतूहल थोडंसं त्यातूनही आलेलं.

इथे एक छोटंसं आडवळण. 'मित्सुको' नावाचं एक प्रसिद्ध फ्रेंच अत्तर आहे, गेर्लां कंपनीचं, १९१९ सालचं. ते या मित्सुकोच्या नावावरून ठेवलंय असं बरेच लोक सांगतात. खरं तर ते नाव क्लोद फारेर यांच्या १९०९ सालच्या 'ला बातै' या कादंबरीतल्या जपानी नायिकेवरून आलं. पण सुंदर बाई आणि सुंदर अत्तर यांची सोयरीक लावायला लोकांना आवडतं, त्याला इलाज नाही.

आता या गोष्टीचा जो भाग परीकथावाले गाळतात, तो. मित्सुकोचा दुसरा मुलगा रिशार्ड, हुशार, देखणा, तत्त्वज्ञान शिकणारा. तो इडा रोलान्ड या नटीच्या प्रेमात पडला. व्हिएन्नाच्या रंगभूमीवरची ती नावाजलेली नटी. वयानं त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी, घटस्फोटित, पदरी मुलगी, आणि जन्मानं ज्यू. १९१५ साली दोघांनी लग्न केलं. मित्सुकोनं या मुलाशी संबंध तोडले.

जरा विचार करा. ज्या बाईला सासरच्यांनी परकी म्हणून नाक मुरडलं, जिच्या नवऱ्यानं ज्यू-द्वेषाविरुद्ध ग्रंथ लिहिला, तीच बाई सून नटी आहे, मोठी आहे, ज्यू आहे म्हणून दार लावून घेते. मला यात नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटतं. सरदारीण म्हणून मान्यता मिळवायला तिला जन्म घालवावा लागला होता. तिला कुणी काही बोलू नये म्हणून तिनं स्वतःला त्या घराण्याच्या चौकटीत इतकं घट्ट बसवलं, की ती चौकटच तिची झाली. कष्टानं मिळालेला मान पोरगा एका नाटकवालीपायी घालवतोय, असं तिला वाटलं असणार. आणि मुलींनाही तिचा जाच कमी नव्हता. धाकटी मुलगी इडा फ्रीडेरिके ग्योरेस पुढे जर्मनीत मोठी कॅथलिक लेखिका झाली. तिनं आपल्या बालपणाबद्दल लिहिलं-बोललं त्यात मायेची ऊब कमी आणि शिस्त जास्त दिसते. दोन भाषांच्या मध्ये उभी असलेली आई लेकरांना जवळ घेणार तरी कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहेच.

थोरला हान्स काय करतो, तर १९१४ साली लिली श्टाइनश्नायडर हिच्याशी लग्न करतो. ही हंगेरीतली विमान चालवण्याचा परवाना मिळवणारी पहिली बाई! या घरातल्या बायकांवर वेगवेगळे कार्यक्रम करता येतील, इतक्या एकेक आहेत.

१९१४ सालीच पहिलं महायुद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये जपान जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या विरुद्ध उतरला. म्हणजे मित्सुकोचं माहेर आणि सासर समोरासमोर. तिचे मुलगे ऑस्ट्रियाच्या सैन्यात, आणि तिचा चेहरा शत्रूचा. तिनं मुलींना घेऊन रेड क्रॉसच्या कामात हात घातला. अन्नाची टंचाई झाली तेव्हा जहागिरीवर बटाटे लावून ते स्वतः सैनिकांपर्यंत पोचवले, असंही सांगतात. सम्राज्ञीचे शब्द तिला त्या दिवसांत कसे आठवले असतील कोण जाणे. मान राखायचा, पण कुणाचा? ती सासरच्या बाजूनं उभी राहिली, आणि जपानबद्दल वाईट बोललेलंही तिला सहन व्हायचं नाही.

१९१८ साली युद्ध संपलं आणि साम्राज्यच राहिलं नाही. रॉन्सपेर्ग नव्या चेकोस्लोव्हाकियात गेलं. ऑस्ट्रियानं सरदारक्या कायद्यानं रद्द केल्या. नव्या सरकारनं मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून वाटायला घेतल्या, त्यात या घराण्याच्याही गेल्या. वाडा हान्सकडे राहिला. मित्सुको व्हिएन्नाजवळच्या म्योडलिंग गावात राहायला आली. पन्नाशीच्या आसपास तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. मधली मुलगी ओल्गा आईजवळ राहिली आणि शेवटपर्यंत तिनंच सगळं केलं. सात मुलांत एक अशी असतेच, जिच्याबद्दल पुस्तकात दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलेलं नसतं.

तिकडे रिशार्डचं नाव मोठं होत होतं. १९२३ साली त्यानं 'पान-युरोपा' हे पुस्तक लिहिलं. युरोपातले देश असेच भांडत राहिले तर पुन्हा युद्ध होईल, त्यांनी एक व्हावं, हे त्याचं म्हणणं. १९२६ साली व्हिएन्नात त्याच्या चळवळीची पहिली मोठी परिषद भरली. एका जपानी आईचा आणि युरोपियन बापाचा मुलगा युरोप एक करा म्हणून सांगत होता. आपण युरोपचा विचार एका देशाच्या नजरेनं कधी करूच शकलो नाही, त्याला आपलं घर कारण, असं त्यानं स्वतःच लिहिलंय. लोक मित्सुकोला 'पान-युरोपची आई' म्हणायला लागले. मायलेकांमधला दुरावाही ओसरला.

म्योडलिंगच्या घरात तिचा मोठा विरंगुळा एकच होता. व्हिएन्नातल्या जपानी वकिलातीत जायचं, तिथल्या लोकांशी जपानीत बोलायचं, जपानी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मिळवायची. हाइनरिखच्या आणि आपल्या आयुष्याच्या आठवणी तिनं ओल्गाला सांगून लिहवून घेतल्या, मुलांसाठी.

१९३८ साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. रिशार्ड आणि त्याची ज्यू बायको त्याच दिवसांत देश सोडून पळाले, पुढे अमेरिकेत गेले. त्याची पुस्तकं नाझींनी बंद केली. मित्सुको आजारी, ती ओल्गाबरोबर म्योडलिंगलाच राहिली. पहिल्या युद्धात ज्या देशामुळे ती शत्रूची लेक ठरली होती, तो जपान आता जर्मनीचा मित्र होता. १९४१ सालच्या ऑगस्टमध्ये तिथेच ती गेली. वय सदुसष्ट. व्हिएन्नाच्या हिट्झिंग दफनभूमीत तिची कबर आहे. जपान सोडल्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती.

युद्ध संपल्यावर रॉन्सपेर्गचा वाडाही घराण्याच्या हातून गेला. सरकारजमा झाला, पुढे कितीतरी वर्षं मोडकळीला आला. आता त्याची हळूहळू डागडुजी चालू आहे, आणि मित्सुकोचं नाव ऐकून जपानी पाहुणे मुद्दाम तिथे जातात. रिशार्डला १९५० साली आखेन शहराचा शार्लमेन पुरस्कार मिळाला, तो मिळवणारा तो पहिलाच माणूस. बेथोव्हेनची आनंदगीताची धून युरोपचं गीत व्हावी, हेही त्यानं सुचवलं होतं. आज ती धून युरोपीय संघाचं गीत म्हणून वाजते.

आणि १९६७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रिशार्डला जपानमध्ये शांततेचा पुरस्कार देण्यासाठी बोलावणं आलं. दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा आईच्या कडेवरून तो तिथून निघाला होता. एकाहत्तर वर्षांनी तो आपल्या जन्मगावी, टोकियोला गेला. तिथल्या लोकांनी त्याला मित्सुकोचा मुलगा म्हणून ओळखलं. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणं मात्र त्याला जमण्यासारखं नव्हतं.